जुना डेस्कटॉप कुठे विकावा : परभणीतील एका दुरुस्ती दुकानाचा अनुभव

सेलूत माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र आहे. 2014 साली असेंबल करून घेतलेला, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा आणि 8 जीबी रॅमचा डेस्कटॉप तिथे दहा वर्षांहून अधिक काळ चालला. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बँकेची कामे त्या संगणकावर करणे मला पटेना. विकताना भावापेक्षा जास्त काळजी हार्ड डिस्कची होती. कारण पीकविमा, शिष्यवृत्ती आणि पॅन कार्डासाठी आलेल्या शेकडो लोकांच्या आधार कार्डांच्या आणि बँक पासबुकांच्या स्कॅन प्रती तिच्यात होत्या, आणि ती कागदपत्रे त्यांनी माझ्या भरवशावर दिली होती.

सुरुवातीला जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन बाजारात जाहिरात टाकली. अर्ध्या तासात एकाचा फोन आला. आपण सैन्यात असून बदली झाल्याचे सांगून, वस्तू न पाहता आणि भावात घासाघीस न करता त्याने सौदा मान्य केला आणि आगाऊ रक्कम मिळण्यासाठी एक क्यूआर कोड स्कॅन करायला पाठवला. यूपीआयवर पैसे घेताना कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, ही दोन्ही कामे फक्त पैसे देणाऱ्याची असतात, हे ठाऊक असल्याने मी तिथेच थांबलो. ज्याचे पैसे गेले असतील त्याने वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नवीन संगणक जिथून घ्यायचा होता, त्या दुकानाने एक्स्चेंजमध्ये 2,000 रुपये सांगितले, मात्र डिस्कसकटच घेऊ आणि फॉरमॅट आम्हीच मारून घेऊ, अशी अट घातली. मला ती मान्य नव्हती. फाइल डिलीट केली किंवा क्विक फॉरमॅट मारला तरी फक्त तिची नोंद पुसली जाते. सातबाऱ्यावरून नाव कमी केल्याने जमीन नाहीशी होत नाही, तसाच हा प्रकार आहे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरने ती फाइल परत काढता येते. डिस्कसह विकणे भागच असेल, तर विंडोजच्या रीसेटमध्ये सर्व काही काढण्याचा पर्याय निवडून त्याच्या सेटिंगमध्ये क्लीन डेटा चालू करावा. मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात, म्हणून हे काम रात्री लावून ठेवावे.

शेवटी डिस्क घरीच काढून ठेवली, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचे लायसन्स नव्या संगणकावर वापरता यावे म्हणून सरेंडर केले आणि सीपीयू गोधडीत गुंडाळून रेल्वेने परभणीला एका दुरुस्ती दुकानात नेला. तिथल्या काकांनी डिस्क नसल्याबद्दल एका शब्दानेही विचारले नाही, उलट ‘बरं केलं काढून आणली ते’ असे म्हणाले. त्यांनी माझ्यासमोर बाजूचे झाकण उघडले, ब्लोअरने धूळ उडवली, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी टोक शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने घासले आणि मदरबोर्डवरचे, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावरचे, कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) फुगलेले नाहीत ना, हे टॉर्चच्या उजेडात एकेक करून पाहिले. आपल्याकडे व्होल्टेज सतत कमीजास्त होते, त्यामुळे तिथेच आधी बिघाड होतो, असे त्यांचे म्हणणे. नंतर स्वतःची डिस्क जोडून त्यांनी अर्धा तास संगणक चालू ठेवला आणि 4,800 रुपये भाव सांगितला. पैसे यूपीआयने घेतले आणि स्वतःच्या खात्यात रक्कम जमा झालेली पाहिल्यावरच सीपीयू त्यांच्या हवाली केला.

मला या दुकानाची सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी मूळ बिल आणि ओळखपत्र मागितले. चोरीचा माल घ्यायचा नाही, एवढाच त्यामागचा उद्देश असल्याने शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार त्यांना चालले, आणि त्यावरही ‘फक्त संगणक विक्रीसाठी’ असे लिहून मी तारखेसह सही केली. उणिवाही आहेत. भावाची फोड करून सांगत नाहीत, एकूण दोन तास ताटकळावे लागले आणि पावती आधी कोऱ्या कागदावर दिली. आग्रह धरल्यावर मदरबोर्डच्या सीरियल नंबरसह छापील पावती मिळाली. ती मी जपून ठेवली आहे, कारण संगणक उद्या कोणाच्याही हातात गेला तरी तो कोणत्या तारखेला आणि डिस्कविना माझ्याकडून गेला, हे तिच्यावर लिहिलेले आहे.