५० फ्रँकची एक्झुपेरी की १०० ची दलाक्रुआ?

भाचा दोन जुन्या फ्रेंच नोटांमध्ये अडकलाय, एकच घ्यायची म्हणतो, म्हणून दोन्ही समोर ठेवून बघितल्या.

डिझाइनमध्ये लेखक एक्झुपेरीची ५० वाली निळी नोट मजेशीर आहे. त्याच्या गोष्टीतला छोटा राजकुमार आहे, हत्ती गिळलेला अजगर आहे, मागे विमान. आणि गंमत म्हणजे १९९३ मध्ये नोट आली तेव्हा लेखकाच्या आडनावातल्या मोठ्या E वर चुकून मात्रा छापली गेली, ती नंतरच्या छपाईत काढली, त्यामुळे घेताना भिंग लावून नाव बघच. पण चुकीच्या नोटाही ढिगाने आहेत, कोणी दुर्मिळ म्हणून जास्त पैसे मागितले तर सरळ नाही म्हण.

१०० ची तपकिरी, मोठी, १९७९ पासूनची. तिच्यावर चित्रकार दलाक्रुआ आणि झेंडा घेतलेली त्याची स्वातंत्र्यदेवता, चित्र म्हणून हीच भारी. कंडिशनला मात्र मार खाते, कारण फ्रान्समध्ये बँकवाले गठ्ठ्याला टाचणी टोचायचे, उजेडात धरली की बारीक भोकं दिसतात.

आता दोन्हींचे युरो मिळत नाहीत, तो हिशोब सोड.

फ्रेम करायची तर १०० ची, अल्बममध्ये ठेवून किस्सा सांगायचा तर ५० ची. मी ५० ची घेईन.