‘फॉस्टर’ या एका क्रियापदावर तपासलेला ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश

नागपुरात अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि कोर्टकचेरीच्या कागदांचे अनुवाद करणारे, दोघंही इंग्रजी शब्दाला अडले की भाषांतराचं ॲप उघडतात. ‘फॉस्टर’ टाकलं की ‘पालनपोषण’ असा शब्द हाती येतो आणि पुढचं वाक्य बिघडतं. या क्रियापदासाठी ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज हे मोफत संकेतस्थळ कितपत उपयोगी आहे? इंग्रजी समजून घ्यायला उत्तम. मराठीत आणायला मात्र ते एकटं पुरत नाही.

पहिली जमेची बाजू म्हणजे अर्थांचा क्रम. एखादी गोष्ट वाढीस लागेल असं वातावरण देणं, हा अर्थ आधी. दुसऱ्याचं मूल कायदेशीर पालक न होता काही काळ घरी सांभाळणं, हा नंतर. वर्तमानपत्रांत आणि सरकारी अहवालांत पहिलाच अर्थ जास्त भेटतो, त्यामुळे हा क्रम वाचकाच्या सोयीचा आहे. निळ्या चिन्हावर ब्रिटिश आणि लाल चिन्हावर अमेरिकन उच्चार ऐकता येतो. ब्रिटिश उच्चारात शेवटचा ‘र’ जवळपास गळतो, अमेरिकनमध्ये तो स्पष्ट आहे.

खरं काम व्याकरणाच्या खुणेत आहे आणि बहुतेक जण तीच वाचत नाहीत. पहिल्या अर्थी क्रियापदाला कर्म लागतंच, आणि ते कर्म बहुधा अमूर्त असतं: सहकार्य, विश्वास, आपलेपणाची भावना, दोन गटांमधले संबंध. दुसऱ्या अर्थी कर्म म्हणजे मूल, आणि तिथे ते गाळलं तरी चालतं. म्हणून शब्द शोधताना आधी कर्म बघा, मग अर्थ निवडा. काटोलच्या शेतकऱ्याने संत्र्याची बाग वाढवली, यासाठी ‘फॉस्टर’ चालत नाही, तिथे ‘ग्रो’ किंवा ‘कल्टिव्हेट’ हवं. शेळ्या पाळायला ‘रेअर’, स्वतःची मुलं वाढवायला ‘ब्रिंग अप’ किंवा ‘रेझ’. ‘माझ्या आईवडिलांनी मला फॉस्टर केलं’ असं इंग्रजीत लिहिलंत, तर वाचणारा त्यांना तुमचे सांभाळकर्ते समजेल, जन्मदाते नाही. मुलाखतीच्या अर्जात ही चूक महागात पडते.

कोश अपुरा पडतो तो मराठीच्या बाजूने, आणि तो इंग्रजी-इंग्रजी असल्याने हा काही त्याचा दोष नाही. पण आपल्या चुका नेमक्या तिथेच होतात. आपण छंद जोपासतो, म्हणून ‘फॉस्टर’ला ‘हॉबी’ जोडून मोकळे होतो. इंग्रजीत छंदासाठी ‘पर्स्यू’ लागतं. उलट दिशेची चूक ‘खतपाणी घालणे’ची. ‘फॉस्टर’ चांगल्या-वाईट दोन्ही गोष्टींना चालतं, नवकल्पनांना आणि संशयालाही. मराठीत खतपाणी मात्र वादाला, अफवांना, अंधश्रद्धेला घालतात. ‘शासन नवउद्योगांना खतपाणी घालते’ असा अनुवाद केला की कौतुकाचं वाक्य आरोपासारखं वाचलं जातं. चांगल्या गोष्टीसाठी ‘चालना देणे’, ‘वाढीस लावणे’, मूल्यांसाठी ‘रुजवणे’, आणि वाईटासाठी खुशाल ‘खतपाणी’. हे चार शब्द वहीच्या एका पानावर कोशाच्या जोडीला लिहून ठेवा.

‘नर्चर’शी तुलना करायची तर ते पान वेगळं उघडा. ‘नर्चर’मध्ये माणसाची किंवा कलागुणांची जवळून, दीर्घकाळ घेतलेली काळजी असते. शिक्षकाने विद्यार्थ्याला घडवलं, तिथे ‘नर्चर’. शाळेने वाचनाची आवड निर्माण होईल असं वातावरण ठेवलं, तिथे ‘फॉस्टर’.

कायद्याचे कागद करणाऱ्यांनी कोशावर थांबूच नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये फॉस्टर केअरची तरतूद कलम ४४ मध्ये आहे आणि दत्तकविधानाचं प्रकरण स्वतंत्र आहे. शासकीय मराठीत फॉस्टर केअरला ‘प्रतिपालकत्व’ म्हणतात. बालकल्याण समितीच्या आदेशात तिथे ‘दत्तक’ लिहिलं, तर सांभाळणाऱ्या कुटुंबाला नसलेला हक्क कागदावर मिळतो आणि मुलाच्या जन्मदात्यांचा असलेला हक्क पुसला जातो. कोशाच्या व्याख्येतलं ‘कायदेशीर पालक न होता’ हे तिथे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

शब्दाच्या उगमाचा भागही उघडून बघा. जुन्या इंग्रजीत हा शब्द अन्न देण्याशी जोडलेला होता, ‘फूड’शी त्याचं नातं आहे. दोन्ही अर्थ एकाच मुळातून कसे फुटले, हे त्यावरून कळतं आणि लक्षात राहतं.

संकेतस्थळाला इंटरनेट लागतं आणि पानावर जाहिराती येतात. अभ्यासिकेत नेटवर्क मिळत नसेल, तर छापील ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी जवळ ठेवावी. तिची दहावी आवृत्ती २०२० ची आहे, पण या क्रियापदासाठी जुनी प्रत मिळाली तरी भागतं. घेण्याआधी ‘एफ’ची पानं शाबूत आहेत ना, तेवढं उघडून बघा.