सर, तुमची एनर्जी लो दाखवतंय

तासगावजवळच्या एका हायस्कुलात मी २७ वर्षं गणित शिकवतोय. शेकडेवारी, नफा-तोटा, चक्रवाढ व्याज. एवढं करून ताकदीच्या पावडरीच्या डब्यांपायी ४१,२०० रुपयांना फसलो. स्टाफरूममध्ये अजून कुणी ना कुणी हळूच विचारतं, "सर, तुम्ही कसे काय?" म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यापासून अंगात जीवच नव्हता. रात्रभर झोपूनही सकाळी झोप झाल्यासारखं वाटायचं नाही. मधल्या सुट्टीनंतरचा तास खुर्चीत बसून घ्यायचो. घटक चाचणीचे पेपर पंधरा-पंधरा दिवस टेबलावर पडून राहायचे. थकवा एक वेळ परवडला, पण काही करावंसंच वाटत नव्हतं. लाल पेन उघडायचा आणि परत टोपण लावायचो. बायको रोज म्हणायची, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून या." मी म्हणायचो, वय झालं. वय ५३.

गणपतीत एक जुना विद्यार्थी घरी आला. भूमितीत कच्चा, पण फळा पुसायला कायम पुढे असायचा. वाकून नमस्कार केला, आरतीला थांबला, खिरापत घेतली. मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "सर, किती उतरलाय तुम्ही." इतक्या महिन्यांत हे आपणहून कुणी बोललं नव्हतं. मी तिथंच अर्धा विकला गेलो.

तो ज्या कंपनीच्या पावडरी विकायचा, त्यांचं रविवारी मंगल कार्यालयात 'मोफत बॉडी चेकअप' होतं. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेली डबीएवढी पेटी, आणि पेटीतून निघालेल्या वायरीला पितळी रंगाची एक कांडी. ती डाव्या मुठीत धरायची. नाव, वय, उंची, वजन एका मुलीनं टाइप केलं. मिनिटभर पडद्यावर रंगीत पट्ट्या हलल्या. ना सुई, ना रक्त. प्रिंटरमधून ३८ पानांचा इंग्रजी रिपोर्ट बाहेर आला. बी१२ कमी, डी३ कमी, लोह कमी, झिंक कमी, मेंदूला ऑक्सिजन कमी. "सर, तुमची एनर्जी लो दाखवतंय." माझ्या पुढच्या आजींना आणि मागच्या पोरालाही जवळपास हेच सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. तरी मला वाटलं, हल्ली सगळ्यांनाच कमी असतं.

मग माझ्या त्या विद्यार्थ्यानं समजावून सांगितलं, आणि ते बरंचसं खरं होतं. शाकाहारी माणसाला बी१२ जवळजवळ फक्त दूध-दह्यातूनच मिळतं. ते कमी पडलं की थकवा येतो, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. लोह कमी असलं की जिना चढताना धाप लागते, आणि जेवणावर लगेच चहा प्यायला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. दिवसभर छपराखाली बसणाऱ्यांचं डी कमी असू शकतं. हे कुठलाही डॉक्टर सांगेल. मला त्यानं या खऱ्या माहितीनंच बांधलं. खोटं एवढंच होतं की माझ्यात यातलं काय कमी आहे हे कांडीला कळलं, आणि सगळ्यावर त्याचा डबा चालतो.

तीन महिन्यांचा कोर्स २०,६०० रुपये. पावडरीचे डबे, केसांसाठी आणि 'नसांसाठी' कॅप्सूल. "सर, तुम्हाला डिस्काउंट बसावा म्हणून आयडी काढतो," म्हणत आधार आणि पॅनचे फोटो काढले, दोन ठिकाणी सह्या घेतल्या. आयडी म्हणजे काय हे मी विचारलं नाही. मुलांना सांगतो, गणित उतरवून घेण्याआधी नीट वाचा.

पहिल्या महिन्यात बरं वाटलं, हे कबूल करतो. पण त्यानं सोबत एक कागद दिला होता: पहाटे अर्धा तास चालणे, रात्री दहाला झोपणे, संध्याकाळचा चहा बंद. पावडर चालली की चालणं चाललं, हे मी तेव्हा तपासलं नाही.

दुसऱ्या महिन्यात तळपायाला मुंग्या यायला लागल्या. त्याला फोन केला. "सर, टॉक्सिन बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे. आता शुगरची गोळी हळूहळू कमी करा, केमिकल आहे ते." मी गोळी अर्धी केली, आणि बायकोला सांगितलं नाही. पुढचा कोर्सही घेतला, आणखी २०,६००. फेब्रुवारीत एकदा शाळेच्या पायऱ्या चढून वर आलो तर मागून सातवीतला मुलगा माझी एक चप्पल हातात धरून पळत येत होता. ती दोन पायऱ्या खाली निसटली होती. मला पत्ताच नव्हता.

त्या संध्याकाळी बायकोनं मला मिरजेला नेलं.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि एक चिमटा वाजवून पायाच्या अंगठ्याला लावला. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो ना, नादकाटा, तोच. "थरथर थांबली की सांगा." मला थरथर सुरू झालेलीच कळली नव्हती. त्यांनी विचारलं, मेटफॉर्मिन, म्हणजे तुमची शुगरची गोळी, किती वर्षं घेताय? ११. बी१२ कधी तपासलंय? कधीच नाही. ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या आतड्यात बी१२ कमी शोषलं जाऊ शकतं. हे वैद्यकात जुनं ज्ञान आहे, आणि अशांचं बी१२ अधूनमधून तपासायचं असतं. त्यासाठी गोळी मनानं सोडायची नसते, बी१२ भरून काढायचं असतं.

रक्तात बी१२ निघालं १४२. तिथल्या लॅबची खालची मर्यादा २०० होती. अर्ध्या गोळीच्या कृपेनं तीन महिन्यांची सरासरी शुगर ९.२, म्हणजे थकव्यात तिचीही भर.

डॉक्टरांनी डबे मागवले. भिंग घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. एका चमच्यात बी१२ १ मायक्रोग्रॅम. मला जे इंजेक्शन दिलं त्यात १५०० होतं. फॉलिक ॲसिड मात्र पावडरीत भरपूर, आणि ते जास्त वाईट. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसू शकतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. केसांच्या कॅप्सूलमध्ये १० मिलिग्रॅम बायोटिन होतं. एवढ्या बायोटिननं काही लॅबच्या यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, म्हणून ते बंद करून काही दिवसांनीच थायरॉइडचं रक्त घेतलं. तुम्ही असं काही खात असाल तर तपासणीआधी सांगाच. लॅबवाला विचारत नाही.

माझ्या इंजेक्शनांचा पूर्ण खर्च त्या पावडरीच्या एका डब्यापेक्षा कमी आला. डब्यावर बारीक अक्षरांत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' छापलेलं होतं, तेही तेव्हाच वाचलं. आणि तो ज्याच्यावर बोट ठेवून "गव्हर्नमेंट अप्रूव्हड" म्हणायचा, तो एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर हा खाद्यपदार्थाच्या धंद्याचा परवाना असतो. त्यानं आजार बरा होतो असं सरकार कुठं म्हणत नाही.

जाता जाता, आमच्या शाळेतल्या एक बाई डी३ची ६०,००० युनिटची पुडी रोज घेत होत्या. ती साधारणपणे आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच देतात. डी अंगात साठतं, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडावर येतं. जीवनसत्त्वच आहे, काय होतंय, असं म्हणू नका.

तो ३८ पानांचा रिपोर्ट मी मिरजेहून आल्यावर पहिल्यांदा सलग वाचला. पान ३१वर लिहिलं होतं: बीजांडकोष, सौम्य बिघाड. खाली गर्भाशयाचा आकडा. माझ्या आधी त्या आजी बसल्या होत्या. मुलीनं नाव-वय बदललं, स्त्री-पुरुषाची खूण बदलायला विसरली. कांडी मुठीत धरली होती ती मी. बायको आधी हसली, मग रडली.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा आयडीचा अर्थ कळला. बिलं माझ्या नावावर, पण गिऱ्हाईक म्हणून नव्हती. मी 'डिस्ट्रिब्युटर' होतो, माल विकायला घेतलेला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर कंपनीचं उत्तर हेच आलं. दुकानाशिवाय माणसांमार्फत माल विकण्याचे, म्हणजे थेट विक्रीचे, २०२१चे नियम आहेत. विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय घरी यायचं नाही, आल्याबरोबर कशासाठी आलो ते खरं सांगायचं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात १९५४च्या कायद्यानं बंद आहे. अन्न व औषध प्रशासनाकडेही अर्ज दिलाय. पण तो जे बोलला त्याचं माझ्याकडे लेखी काही नाही. सगळं तोंडी, आणि "सर, सर" करत. न उघडलेल्या दोन डब्यांचे ४,९६० रुपये तेवढे परत मिळाले.

उत्साह परत आलाय. पेपर आता वेळेत तपासून होतात, दुपारचा तास उभ्यानं घेतो. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, सहा महिने वाट बघू, येईल नाही तर नाही. चप्पल मागून पट्टा असलेली घेतलीय.