म्हशीचं गर्भाशय टॉनिक : बाटलीवर लिहिलेलं आणि गोठ्यात दिसलेलं

या टॉनिकला पाचपैकी अडीच गुण. अर्धा त्यातल्या झाकणासाठी, कारण ते मापाचं आहे आणि अंदाजानं ओतायला लागत नाही.

आमच्या दोन पंढरपुरी म्हशी श्रावणात आठवड्याच्या अंतरानं व्यायल्या. दुकानदारानं लिटरची आयुर्वेदिक बाटली गळ्यात मारली. शंभर मिली दोन वेळा, म्हणजे पाच दिवसांत बाटली संपते. वर छापलंय : वार (रेडकामागून पडणारी जार) लवकर पडते, पिशवी म्हणजे गर्भाशय साफ होते, म्हैस वेळेवर माजावर (पुन्हा गाभण राहायच्या तयारीत) येते. मी थोरलीला पाजलं. धाकटीला सासूबाईंचा बाजरीच्या घुगऱ्या, गूळ आणि शेपा एवढाच खुराक.

थोरलीची वार पाच तासांत पडली. धाकटीची सहा तासांत. आता या एका तासाचे पैसे द्यायचे का, तुम्हीच ठरवा. (बारा तासांत वार पडली नाही तर बाटलीच्या नादी लागू नका, डॉक्टरला बोलवा. लोंबत्या वारेला दगड बांधणारे अजून आहेत आमच्याकडं, त्यांना तर हात जोडते.)

औषध कडूजहर. पहिल्या दिवशी मान उंच धरून नळीनं ओतलं तर ठसका लागून म्हैस कासावीस झाली. असं औषध फुफ्फुसात उतरतं म्हणून डॉक्टर माझ्यावरच ओरडले. मग गव्हाच्या भुश्यात गूळ घालून कालवलं, तेव्हा खाल्लं. हे बाटलीवर लिहायला काय हरकत होती?

मैला, म्हणजे व्यायल्यावर पिशवीतून येणारा स्राव, दोघींचाही पंधरा-वीस दिवस पडत होता. पण टॉनिक घेतलेल्या थोरलीचाच पुढं पांढरट आणि वासाचा यायला लागला. डॉक्टरांनी हात घालून तपासलं, पिशवीत औषध सोडलं आणि ते सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका म्हणाले. म्हणजे ‘पिशवी साफ’वालं वाक्यही गेलं.

माजाचं तर विचारूच नका. म्हशीचा माज मुका, ओरडत नाही की उड्या मारत नाही. दिवाळीनंतर एका पहाटे धार काढायला गेले तर थोरलीचं दूध निम्म्यावर आलेलं आणि शेपटीला काचेसारखा सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव. संध्याकाळी रेतन केलं, म्हणजे गाभण राहायला वीर्य सोडलं. मागच्या आठवड्यात तपासली, गाभण आहे. श्रेय द्यायचंच तर रोजच्या पन्नास ग्रॅम खनिज मिश्रणाला आणि कंदील घेऊन पहाटे उठणाऱ्या माणसाला देईन.

धाकटी तिच्या आधीच गाभण राहिली होती. सासूबाई अजून त्यावरून बोलतात.