डिझाईन प्रेशर प्रत्येक वेसलला वेगळं की सगळ्यांना एकच? गॅस ट्रीटिंगवाल्यांसाठी माझा अनुभव

अमाईन युनिटचं (नॅचरल गॅसमधले आम्ल वायू अमाईनच्या द्रावणाने धुवून काढणारा प्लांट) डिझाईन सुरू झालं की पहिल्या काही आठवड्यातच हा प्रश्न येतो: वेसल (दाबाखालची टाकी) किती दाब सोसेल असं बनवायचं, म्हणजे त्याचं डिझाईन प्रेशर, प्रत्येकाला वेगळं धरायचं की सगळ्यांना एकच. एक पद्धत म्हणजे प्रत्येक वेसलचं मॅक्स ऑपरेटिंग प्रेशर धरायचं, त्यावर 10 टक्के टाकायचे आणि पुढे जायचं. दुसरी म्हणजे इनलेट सेपरेटरपासून स्वीट (म्हणजे धुतलेल्या) गॅसच्या कोलेसरपर्यंत (बारीक थेंब अडवणारा फिल्टर) सगळ्या हाय प्रेशर लाईनला एकच आकडा द्यायचा. दोन्ही मी केल्यात, दोन्ही कोडमध्ये बसतात, त्यामुळे चूक-बरोबर असं काही नाही, पण माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

पहिली पद्धत कागदावर फार छान दिसते. समजा इनलेट सेपरेटर 72 बार जी (वातावरणाच्या दाबाच्या वरचे बार), अ‍ॅब्सॉर्बर (ज्यात अमाईन गॅस धुतं तो कॉलम) 71, आउटलेट नॉकआउट ड्रम (उरलेले थेंब खाली पाडणारा) 70. मग डिझाईन आले साधारण 80, 78.5 आणि 77. मी हेच केलं होतं आणि तेव्हा मनापासून वाटलं होतं की स्टील वाचवलं. पण 80 आणि 77 मध्ये फरक 4 टक्क्यांहून कमी, म्हणजे 50 मिलीमीटरच्या भिंतीत जेमतेम 2 मिलीमीटर, त्यात करोजन अलाऊन्स (गंजासाठी ठेवलेली जादा जाडी) दोन्हीकडे तेवढाच आणि प्लेट शेवटी बाजारात मिळते त्याच जाडीची येते. वाचलं जवळपास काहीच नाही.

आणि त्रास मात्र त्याच 77 च्या आउटलेट ड्रमने दिला. तो 70 चा आकडा गॅस वाहत असताना प्रेशर ड्रॉप वजा करून आलेला. पुढच्याने गॅस घेणं कमी केलं की फ्लो पडतो, ड्रॉप जवळजवळ संपतो आणि आउटलेट ड्रमवरही सरळ 72 दिसायला लागतं. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडायचा सेट 77, आत 72, म्हणजे साडेत्र्याण्णव टक्के. साधा स्प्रिंगचा सेफ्टी व्हॉल्व्ह 90 च्या वर नेला की कुरकुरायला लागतो, तसाच हाही लागला, एकदा सीट खराब झाली की मग प्रेशर खाली आलं तरी फ्लेअरकडे थोडा थोडा गॅस जातच राहतो, काढा, लॅप करा (सीट घासून सपाट करा), टेस्ट करा, परत बसवा, आणि पुढच्या लो फ्लोला पुन्हा तेच. पायलट ऑपरेटेड लावला तर 95 पर्यंत चालतं हे खरं, पण अमाईनचे थेंब आणि फेस पायलटच्या बारीक ट्यूबमध्ये जाण्याची भीती असल्याने आम्ही धजावलो नाही. 80 धरलं असतं तर 72 म्हणजे बरोबर 90 टक्के आणि विषयच संपला असता. पुढे प्रेशर वाढवायची वेळ आली तेव्हाही अडवलं ते याच एका ड्रमने. प्लेट मुळात जाड होती म्हणून एमएडब्ल्यूपी (वेसल सोसू शकेल तो कमाल दाब) परत काढून रीरेट (जास्त दाबासाठी नव्याने मान्य) करता आलं, पण त्या कागदपत्रांत जो वेळ गेला तो मी अजून विसरलो नाही.

एकच प्रेशर ठेवलं की लाईन एक सिस्टीम म्हणून बघता येते आणि ब्लॉक्ड आउटलेटसाठी (गॅसची बाहेरची वाट बंद झाली तर) रिलीफ एका ठिकाणी ठेवता येतो. पण मधे आयसोलेशन व्हॉल्व्ह असेल तर तो लॉक्ड ओपन हवा, नाहीतर त्या वेसलला आगीसाठी स्वतःचा सेफ्टी व्हॉल्व्ह लागतोच. आणि रिलीफ कोलेसरच्या आधी ठेवा, नंतर नको, कारण फेस आला की कोलेसरच चोक होतो.

हे सगळं हाय प्रेशर बाजूचं. फ्लॅश ड्रम (अमाईनमध्ये विरघळलेला गॅस कमी दाबाला जिथे सुटतो तो) आणि रिजनरेटर (अमाईन तापवून पुन्हा वापरण्याजोगं करणारा कॉलम) यांना मात्र वेगळा विचारच बरा. रिजनरेटर 1 बार जी ला चालतो, त्यावर 10 टक्के म्हणजे काहीच नाही, मी किमान 3.5 बार जी आणि सोबत फुल व्हॅक्यूम घेतो, कारण बंद केल्यावर आतली वाफ थंड होते आणि कॉलम आत ओढला जातो. फ्लॅश ड्रमला अ‍ॅब्सॉर्बरची द्रवाची लेव्हल गेल्यावर थेट घुसणारा हाय प्रेशर गॅस, म्हणजे गॅस ब्लो-बाय, धरावाच लागतो.

तापमानात मात्र मी उलट्या बाजूला आहे, तिथे एकच आकडा नको. मॉलिक्युलर सीव्ह ड्रायरचं (गॅसमधलं पाणी शोषून घेणारा) रिजनरेशन गरम असतं म्हणून सगळ्या लाईनला 300 अंश दिले तर 600 क्लासचा (क्लास म्हणजे फ्लँजची दाबाची श्रेणी) साधा कार्बन स्टील फ्लँज 79.6 बारवर येतो, म्हणजे आपलं 80 थोडक्यासाठी हुकलं आणि सगळीकडे 900 क्लास. तोच फ्लँज 100 अंशाला 93.2 देतो. म्हणून गरम तेवढं वेगळं ठेवा. ऑपरेटिंगवर 25-30 अंश टाकण्याचा नियमही डोळे झाकून नको. रिबॉयलरमध्ये (रिजनरेटरला स्टीमने उष्णता देणारा) अमाईन 120 ला असतं, 25 टाकले की 145, पण 3.5 बार जी ची स्टीम 148 ची आहे आणि अमाईनचं सर्क्युलेशन थांबलं की शेल त्या तापमानाकडेच जातं.

खालच्या तापमानाचं पुन्हा वेगळं आहे, ते वेसलप्रमाणे नाही तर ब्लोडाऊनच्या (गॅस सोडून दाब उतरवण्याच्या) सेगमेंटप्रमाणे ठरवा. 70 बारवरून सोडताना व्हॉल्व्हच्या पुढे नॅचरल गॅस बारमागे साधारण अर्धा अंश गार होतो, आणि बंद पडून थंड झालेल्या युनिटमधून ब्लोडाऊन केला तर उणे 29 पुरेल की उणे 46 वाली इम्पॅक्ट टेस्टेड (थंडीत ठिसूळ होत नाही हे तपासलेली) प्लेट लागेल हे ऑर्डर द्यायच्या आधीच काढून ठेवलेलं बरं, वेसल बनून आल्यावर त्यात फारसं काही करता येत नाही.