शेण पिळायचं स्क्रू प्रेस मशीन : उन्हाळा-पावसाळा-हिवाळा वापरून (आणि एका ऑइल सीलची कटकट)

मशीन कसं चालतं हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. हौदातली स्लरी, म्हणजे शेण-मूत-पाण्याचं मिश्रण, पंपाने वर चढते, आतला स्क्रू ती जाळीवर दाबतो, जाळीतून पाणी खाली आणि तोंडातून चोथा बाहेर. डेमोत सगळं छानच दिसतं. माझ्या गोठ्यात काय झालं ते सांगतो. गोठा इंदूरजवळ, सांवेरच्या रस्त्याला. म्हशी जास्त, गाई कमी.

लिहायला बसलो कारण मागच्या आठवड्यात गिअर बॉक्सचं तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं. म्हणजे आत पाणी गेलंय. गिअर बॉक्स आणि स्क्रू यांच्यामध्ये रबराचं एक कडं असतं, ऑइल सील. काढून पाहिलं तर त्याच्या ओठाची धार बोथट झालेली, आतली केसाएवढी बारीक स्प्रिंग गंजून तुटलेली. शेणाच्या पाण्यात बारीक रेती असतेच, ती ओठाखाली शिरली की शाफ्ट फिरता फिरता रबर घासून काढते.

कंपनीला फोन केला. पहिलं उत्तर, "व्होल्टेज कमी असेल." व्होल्टेजने तेलात पाणी कसं येतं हे विचारल्यावर फोन दुसऱ्याकडे गेला. दुसरा म्हणाला, सील सुटं मिळत नाही, शाफ्टसकट पूर्ण किट घ्यावं लागेल. आणि वॉरंटी? रबरी भाग वॉरंटीत धरत नाहीत. मग जाळी? ती झिजणारी वस्तू, तीही नाही. पत्र्यावरच्या रंगाची वॉरंटी असेल बहुतेक, ते विचारायचं राहिलं.

सीलच्या अंगावर माप छापलेलं होतं, 50-72-10. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेवढं घेऊन सियागंजात गेलो. दुकानदाराने मान वर न करता मागच्या खोक्यातून काढून दिलं. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, चौघं खाऊन आले तर त्याहून जास्त बिल होईल. किटची किंमत लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

माझा खरा राग किमतीवर नाही, बनावटीवर आहे. सील आणि गिअर बॉक्स यांच्यात बोटभर मोकळी जागा ठेवून तिला खाली एक भोक पाडलं असतं, तर सील गळायला लागल्या दिवशीच बाहेर थेंब दिसला असता. ते पाणी गिअर बॉक्सपर्यंत पोचलंच नसतं. पंपांमध्ये अशी सोय वर्षानुवर्षं आहे. लाखांत किंमत घेणाऱ्याला एक भोक जड झालं! आता सांवेर रोडवरच्या एका खरादवाल्याकडून (लेथवाल्याकडून) जागा वाढवून पाठीला पाठ लावून दोन सील बसवलीत, मध्ये ग्रीस भरलंय, खाली भोक पाडलंय. ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्यांनी आज संध्याकाळी तेलाचा बोल्ट सैल करून रंग तेवढा बघावा.

बरं, आता मशीनबद्दल.

चालतं चांगलं. पण स्लरी त्याच्या मनासारखी हवी. घट्ट असेल तर पंप उचलत नाही, पातळ असेल तर तोंडाशी चोथ्याचा बूच बनत नाही, आणि सगळा दाब त्या बुचाच्या जोरावर आहे. सुरू करताना कालचा सुका चोथा तोंडात ठासायचा, तोंडावरच्या झडपेची वजनं मागे सरकवायची, मग पंप. हे कोणी मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही, आमच्या पोराने शोधून काढलं. पावसाळ्यात मात्र वैताग आला. गोठ्याच्या पत्र्यावरचं पाणी सरळ हौदात पडत होतं, आणि रोज सकाळी पोरगा ओरडायचा, "भिया, ये तो पानी ही पानी फेंक रही है." पत्र्याला पन्हळ लावून पाणी बाहेर वळवलं, त्या दिवसापासून बूच टिकायला लागला. मशीन घ्यायच्या आधी पन्हळ घ्या. हौदाच्या आधी रेती बसायला एक छोटी कुंडीही बांधा. जाळी आणि स्क्रूची पाती शेणाने झिजत नाहीत, रेतीने झिजतात. आणि भुशाच्या पोत्याची सुतळी. पंपाच्या कटरला गुंडाळलेली सुतळी विळ्याने कापायची वेळ ज्याच्यावर आली त्याला वेगळं सांगायला नको. बंद केल्यावर जाळी लगेच धुवायची, वाळली की दाबाच्या पाण्यालाही दाद देत नाही.

चोथ्याचं म्हणाल तर सुरुवातीला मी त्याच्यावरच फिदा होतो. मुठीत दाबला तर थेंब पडत नाही, वास कमी, माश्या कमी, ट्रॉलीत भरताना सांडत नाही. विकणाराही हेच दाखवतो. प्रत्यक्षात त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे पोत्यात भरून ठेवला की पांढरी बुरशी धरतो. ढीग घालून वरखाली केला तर मात्र हवा खेळते आणि दोन-तीन दिवसांत हात आत ठेववत नाही इतका तापतो. नर्सरीवाले खुशीने नेतात. आईची एकच तक्रार, गोवऱ्या थापल्या तर भुगा होतो, कारण चिकटपणा सगळा पाण्याबरोबर गेला.

आणि तिथेच माझं मत फिरलं. चिकटपणाबरोबर आणखी काय काय गेलं? मशीन नवीन काही तयार करत नाही, आहे त्याची वाटणी करतं. जनावराचं पालाश (पोटॅश) बहुतेक मुतातून बाहेर पडतं, नत्राचाही लवकर लागू होणारा भाग तिथलाच. जाळी ते काही अडवू शकत नाही, ते विरघळलेलं असतं. स्फुरद (फॉस्फरस) शेणात असतं, पण बारीक कणांना चिकटलेलं, म्हणून त्याचाही मोठा वाटा जाळीतून खालीच जातो. चोथ्यात राहतो तो मुख्यतः काडीकचरा, म्हणजे जमिनीचं सेंद्रिय. तेही हवंच. पण पहिला उन्हाळाभर मी चोथ्याचे पैसे मोजत बसलो होतो आणि खालचं पाणी नाल्याकडे चाललं होतं.

हिशेब करून बघा. युरियाची 45 किलोची गोणी 266.50 रुपयांना, तीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20.7 किलो. किलोला तेरा रुपयेही पडत नाहीत, सरकारची कृपा. त्यामुळे नत्र वाचलं म्हणून खिसा फार जड होत नाही, युरियाची रांग तेवढी वाचते. पोटॅशचं गणित वेगळं आहे. 50 किलोच्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीत 60 टक्के धरले तर 30 किलो पालाश, आणि गोणी दीड हजाराच्या पुढे. किलोला पन्नासच्या वर! देशात लागणारं पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून येतं. आमच्या काळ्या जमिनीत पालाश भरपूर असं सगळे म्हणतात, पण बटाटा आणि लसूण घेणाऱ्याला विचारा ते किती ओरबाडून नेतात.

गंमत म्हणजे हे सगळं इंदुरातच आधी होऊन गेलंय. अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, त्यांच्या कंपोस्टला जगात 'इंदूर पद्धत' म्हणतात. त्यात शेण आणि काडीकचऱ्याच्या जोडीला गोठ्यातली मुतात भिजलेली मातीही खणून ढिगात घालत. मूत वाया जाऊ द्यायचं नाही, ही अक्कल शंभर वर्षं जुनी आहे आणि मला ती लाखांचं मशीन घेतल्यावर आली.

आता हे पिळून निघालेलं पाणी नेपियर गवताला आणि गव्हाला जातं. गव्हाला पेरणीनंतर विसाव्या-एकविसाव्या दिवसाचं जे पाणी देतो, त्या पाटात सोडतो. भर उन्हात जमिनीवर पसरलं तर त्यातला अमोनिया उडून जातो, डोळ्यांना झोंबतो ते आपलंच नत्र असतं. म्हणून संध्याकाळी, वाहत्या पाण्याबरोबर. बरसीमच्या चाऱ्याला देत नाही, ते स्वतःचं नत्र स्वतः कमावतं. ठिबकमध्ये सोडायचा विचार असेल तर सोडून द्या. जाळी अर्ध्या मिलिमीटरची असली तरी गाळ येतोच, ड्रिपर तुंबतात. सँड फिल्टर लावून बघितलं, दर थोड्या वेळाने उलटं धुवावं लागलं, कंटाळून बंद केलं. पाण्याच्या टाकीवर झाकण अजून नाही, ताडपत्री टाकलीय.

बायोगॅस असेल तर मशीन प्लांटच्या नंतर लावा, आधी नको. आधी पिळलं तर गॅस देणारा बराच माल चोथ्याबरोबर बाहेर पडतो.

घ्यावं का? शंभरच्या आसपास जनावरं, स्वतःची जमीन आणि पाणी वापरायची तयारी असेल तर घ्या, आणि घेताना सील, बेअरिंग, जाळी यांची मापं बिलावर लिहून घ्या. देत नसेल तर दुसरा बघा. नुसता चोथा विकायला घेत असाल तर घेऊ नका. दहा-पंधरा जनावरांवाल्यांनी तर या भानगडीत पडूच नये. त्यांनी गोठ्याची फरशी चाळीस फुटाला एक फूट उताराने करून मागे नाली काढावी, मूत आधीच वेगळं टाकीत जातं, शेणात मिसळायच्या आत. सिमेंटचा आणि मिस्त्रीचा खर्च, बस. फक्त नालीचा कोपरा काटकोनात करू देऊ नका, गोल घ्यायला सांगा, नाहीतर शेण तिथेच बसतं आणि रोज काठीने ढोसावं लागतं.