तात्कालिक वेगाचा अंदाज: एका बाजूने की दोन्ही बाजूंनी?

तात्कालिक वेगाचा, म्हणजे नेमक्या एका क्षणाला असलेल्या वेगाचा, अंदाज काढायचा तर साधारण तीन रस्ते आहेत. अंतर-वेळेच्या ग्राफवर त्या पॉइंटला स्पर्शिका (वक्राला तिथे नुसती टेकून जाणारी सरळ रेषा) मारून तिचा स्लोप म्हणजे चढ मोजा, किंवा पुढचा छोटा इंटरव्हल घेऊन सरासरी वेग काढा आणि तो इंटरव्हल बारीक करत जा, नाहीतर त्या क्षणाच्या मागे आणि पुढे सारखाच वेळ घेऊन त्या सगळ्या वेळेचा सरासरी वेग काढा. तिन्ही वापरून झालेत, शिकताना पण आणि नंतर धाकट्या भावाला शिकवताना पण.

स्पर्शिकेचं पटकन आटपतो. चित्र डोक्यात बसायला तिच्यासारखं काही नाही, पण हाताने काढलेली रेषा म्हणजे मूडचा भाग, एकाच ग्राफवर मी तीनदा काढली तर तीन उत्तरं आली. काढायचीच असेल तर निदान स्लोप मोजताना रेषेवरचे लांबलांबचे दोन पॉइंट घ्या.

खरी निवड उरलेल्या दोघांत. नेहमीचंच उदाहरण घेऊ, वरून सोडलेला बॉल, s = 4.9t² (s म्हणजे पडलेलं अंतर मीटरमध्ये, t म्हणजे वेळ सेकंदात), आणि t = 2 ला वेग हवाय. (इथे एक गंमत, 2 सेकंदात पडलेलं अंतर 19.6 मीटर आणि त्या क्षणाचा वेगही 19.6 मीटर प्रति सेकंद, हा निव्वळ योगायोग आहे, त्यामुळे चुकून बरोबर आलेल्या उत्तरांपासून सावध.) पुढच्या बाजूने काढलं तर 2 ते 2.1 मध्ये 20.09, 2 ते 2.01 मध्ये 19.649, 2 ते 2.001 मध्ये 19.6049. आकडे कसे 19.6 कडे सरकतात ते डोळ्यांना दिसतं, लिमिट म्हणजे काय, म्हणजे इंटरव्हल बारीक होत जाताना उत्तर कुठल्या आकड्याकडे जातं, ते यातूनच कळतं, ते श्रेय द्यायलाच हवं.

पण माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. एकदा मी s ची व्हॅल्यू दोन दशांशांपर्यंतच राउंड करून टेबल बनवलं, हाताने मोजलेल्या रीडिंगमध्ये असतं ना तसं. 0.1 च्या इंटरव्हलला 20.1 आलं, 0.01 ला 20, म्हटलं चला सुधारतंय, 0.001 ला परत 20, आणि 0.0001 ला थेट शून्य! बॉल हवेतच थांबला. झालं असं की 19.60196 राउंड होऊन 19.60 झाला आणि वजाबाकीत सगळंच उडालं. म्हणजे अंदाज चांगला हवा म्हणून इंटरव्हल बारीक करायचा आणि बारीक केला की रीडिंगची चूक तेवढ्याच पटीत फुगते, मग माणसाने थांबायचं कुठे? त्या दिवशी मी भरपूर चिडलो.

मग तोच राउंड केलेला डेटा, पण आता दोन्ही बाजूंनी, इंटरव्हलही ढोबळच, 1.9 ते 2.1. 21.61 वजा 17.69, भागिले 0.2. उत्तर 19.6, नेमकं.

कारण साधं आहे. वेग एकसारखा वाढत असेल तर कुठल्याही इंटरव्हलचा सरासरी वेग हा त्या इंटरव्हलच्या मधल्या क्षणाचा वेग असतो. 2 ते 2.1 वाला 20.09 हा चुकीचा आकडा नाहीच मुळी, तो 2.05 चा बरोबर वेग आहे, आपण प्रश्न 2 चा विचारला आणि उत्तर दुसऱ्याच क्षणाचं घेतलं. 1.9 ते 2.1 चा मध्य बरोब्बर 2 वर येतो. त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, बदलत असेल तर ही पद्धतही थोडी चुकते, s = t³ ला t = 2 वर खरा वेग 12, पुढच्या बाजूने 0.1 घेऊन 12.61 येतो आणि दोन्ही बाजूंनी 12.01. एवढी चूक मला तरी चालते.

अर्थात प्रश्नातच "2 ते 2.1, 2 ते 2.01" असे इंटरव्हल दिले असतील तर निमूट तसंच करा, मार्क त्याचेच आहेत. आणि बॉल जमिनीवर आपटून उसळतो त्या क्षणाला दोन्ही बाजूंची पद्धत चक्क फसवते, खाली येणारा आणि वर जाणारा वेग एकमेकांना खाऊन टाकतात आणि शून्याच्या आसपास काहीतरी येतं, जे खरं बघता कुठल्याच बाजूचं उत्तर नाही. तिथे दोन्हीकडून वेगवेगळं काढून बघणंच बरं.

बाकी तयार टेबलवरून काढायचं असेल तर मी आता विचार न करता वरची आणि खालची ओळ घेतो. पहिल्या आणि शेवटच्या ओळीला मात्र शेजारी एकच, तिथे नाइलाजाने एकतर्फी काढतो आणि उत्तराशेजारी पेन्सिलने छोटा बाण करून ठेवतो, की हा आकडा खरं तर अर्धी ओळ तिकडचा आहे.